आधी क्षेमकुशल, मग काम : स्वाहिली बोलभाषेची तोंडओळख

परमुलखात पोटासाठी जाणाऱ्या माणसाला पहिल्या दिवशीची भाकरी बहुधा कोणाच्या तरी ओळखीने मिळते. दुसऱ्या दिवसापासून मात्र ती त्याला स्वतःच्या तोंडाने मागावी लागते. ज्याला मागता येत नाही तो उपाशी राहतो असे नव्हे. परंतु तो मुका राहतो, आणि मुक्या माणसाला परक्या गावात शेजार लाभत नाही.

आमच्या डिचोली तालुक्यातील सुर्ला हे खाणींचे गाव. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात या भागातील लोहखनिज निघू लागले आणि दोन पिढ्यांना घराजवळ काम मिळाले. कोणी ट्रक घेतला, कोणी बार्जीवर लागला, कोणी गॅरेज काढले. २०१२ साली खाणी बंद पडल्या; पुन्हा सुरू झाल्या, तो २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने दुसऱ्यांदा थांबल्या. पुढे लिलावानंतर काही खाणपट्टे चालू झाले आहेत, हे खरे. परंतु ज्याने मधल्या काळात ट्रक विकला, त्याच्या मुलाची दृष्टी आता समुद्रापलीकडे लागली आहे. बाप्तिस्म्याचा दाखला नेण्यास येणारे तरुण आम्हांला आखाती देशांची नावे सांगतात, इंग्लंडचे नाव सांगतात. आणि क्वचित एखादा मोम्बासा किंवा दार-एस-सलाम म्हणतो. "तेथली भाषा येते का?" असे विचारले की उत्तर ठरलेले असते : "फादर, तेथे इंग्रजी चालते ना!"

चालते. कचेरीत चालते, मोठ्या हॉटेलात चालते, विमानतळावर चालते. परंतु ज्या गॅरेजात हा तरुण काम करणार, ज्या बाजारात भाजी घेणार, ज्या दवाखान्यात ताप घेऊन जाणार, ज्या चर्चमध्ये मिस्साला बसणार, तेथे जी भाषा कानांवर पडेल ती स्वाहिली. ती कशी आहे, मराठी माणसाला ती कितपत अवघड जाते आणि ती कोणत्या टोकाकडून शिकावी, हे आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

ही भाषा कोणाची?

'स्वाहिली' हा शब्द अरबी भाषेतील किनाऱ्यासाठीच्या शब्दापासून आला. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील लोकांची ही बोली. तिची हाडे आफ्रिकेतील बांटू भाषाकुळाची आहेत. तिच्या अंगावरचे पुष्कळसे दागिने मात्र अरब, फारसी, पोर्तुगीज आणि आपल्या हिंदी व्यापाऱ्यांनी आणलेले आहेत. पूर्वी ती अरबी लिपीत लिहीत; आज रोमी लिपीत लिहितात. १९२८ साली मोम्बासा येथे भरलेल्या परिषदेत झांझिबारची बोली प्रमाण म्हणून स्वीकारण्यात आली. टांझानियाचा सारा व्यवहार आज तिच्यात चालतो. केनियाने २०१० च्या राज्यघटनेत तिला इंग्रजीच्या बरोबरीने राजभाषेचे स्थान दिले. युनेस्कोने ७ जुलै हा जागतिक स्वाहिली दिन म्हणून जाहीर केला असून, ही भाषा बोलणाऱ्यांची संख्या २० कोटींहून अधिक असल्याचे ती संस्था सांगते.

यांतील पुष्कळांची ती मातृभाषा नव्हे, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. एकट्या टांझानियात शंभराहून अधिक भाषा बोलल्या जातात. घरी आपापली बोली, आणि उंबरठ्याबाहेर स्वाहिली. तेथील बहुसंख्य लोकांनी स्वतःच ती शिकून घेतलेली आहे. म्हणून शिकणाऱ्या पाहुण्याला ते हसत नाहीत, हात देतात.

गोव्याचे जुने नाते

आम्हां गोमंतकीयांना तो किनारा नवा नाही. १५४२ साली लिस्बनहून गोव्याकडे येताना संत फ्रान्सिस झेवियर वाटेत मालिंदी येथे उतरले होते. मोम्बासाचा 'फोर्ट जीझस' हा किल्ला पोर्तुगीजांनी १५९३ पासून बांधला. त्या मुलखाचा कारभार गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हाताखाली होता. १६९८ साली ओमानच्या अरबांनी तो जिंकला. किल्ला गेला, परंतु शब्द राहिले. स्वाहिलीत टेबलाला 'मेझा' म्हणतात, आपल्या 'मेज'चा तो सख्खा भाऊ. पिंपाला 'पीपा', मद्याला 'म्वीन्यो', ध्वजाला 'बेंदेरा' म्हणतात. आपल्या घराच्या परसातील पेरूला गोव्यात 'पेर' म्हणतात आणि मोम्बासाच्या बाजारात 'पेरा'. धर्मगुरूला 'पाद्री'. एक शब्द मात्र विचार करायला लावणारा आहे. तुरुंगाला स्वाहिलीत 'गेरेझा' म्हणतात; हा शब्द पोर्तुगीज 'इग्रेजा', म्हणजे चर्च, यावरून आल्याचे भाषापंडित सांगतात. किल्ल्याच्या तटांच्या आत चर्च होते. बाहेरच्यांना दिसले ते तट. परक्याची भाषा आणि परक्याचे घर बाहेरून कसे दिसते, याचा हा एक जुना धडाच आहे.

पुढे एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या आणि झांझिबारच्या सुलतानाच्या चाकरीत गोवेकर गेले. मोम्बासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतचा लोहमार्ग १८९६ ते १९०१ या काळात झाला. त्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२,००० मजूर नेण्यात आले होते. त्यांतील सुमारे २,५०० तेथेच मृत्युमुखी पडले. गोवेकर त्यांच्यामागून गेले ते बहुधा कारकून, शिंपी, आचारी, वैद्य म्हणून. नैरोबीचे डॉक्टर रोझेंदो आयरिस रिबेरो हे तर माणसाळवलेल्या झेब्र्यावर बसून रोग्यांना भेटावयास जात, म्हणून प्रसिद्ध झाले. 'कंपाला' आणि 'कारंजा' या बोटींनी आफ्रिकेला ये-जा केलेल्या वृद्धांच्या आठवणी गोव्यातील कित्येक घरांत अजून ऐकू येतात. हे लोक बहुतांशी बारदेस व सासष्टीचे. डिचोली-पेडण्याचा माणूस त्या काळी मुंबईची वाट धरीत असे. आता वाट बदलली आहे, तेव्हा त्या जुन्या प्रवाशांनी काय मिळविले आणि काय गमावले, हे समजून घेणे आपल्या तरुणांच्या हिताचे आहे.

पहिला धडा दारातला

स्वाहिलीचा पहिला धडा दाराबाहेर उभे राहून शिकावयाचा असतो. तेथे कोणाच्या घरी जाताना, दार सताड उघडे असले तरी, बाहेरूनच हाक द्यावयाची : "होदी!" आतून "कारीबू!" असा शब्द आला म्हणजे मगच पाऊल आत टाकावयाचे. 'कारीबू' म्हणजे 'जवळ या'. जेवणाऱ्या माणसाच्या जवळून कोणी गेला, तरी तो घास हातात धरून "कारीबू" म्हणतो. आपण "या जेवायला" म्हणतो तसे. आभार मानण्यासाठी "असांते" म्हणावे. त्यावरही उत्तर "कारीबू" असेच येते.

मग क्षेमकुशल. एकाला भेटताना "हुजाम्बो?" असे विचारतात, उत्तर "सिजाम्बो". अनेकांना "हामजाम्बो?"; उत्तर "हातुजाम्बो". नुसते "जाम्बो" हे परदेशी प्रवाशांसाठी राखून ठेवलेले आहे. ज्याला तेथे राहावयाचे आहे त्याने पुरते म्हणावे. त्यापुढे "हबारी" येते. ही आपली 'खबर'च. "हबारी गानी?" म्हणजे काय वर्तमान? "हबारी झा न्युम्बानी?" घरचे कसे काय? "हबारी झा वातोतो?" मुलेबाळे कशी आहेत? "हबारी झा काझी?" काम कसे चालले आहे? उत्तर बहुधा "न्झुरी" किंवा "सालामा" : बरे आहे, सुखरूप आहे. घरात दुखणे असले तरी आधी 'न्झुरी' म्हणावयाचे आणि मग दुखणे सांगावयाचे, अशी रीत आहे.

हे सर्व झाल्यावाचून कामाचा शब्द काढणे तेथे उद्धटपणाचे समजतात. दुकानात शिरल्याबरोबर "साखर द्या" म्हणणारा माणूस पैसे देऊनही उर्मट ठरतो. आपल्या खेड्यांत तरी निराळे काय आहे? वाटेत भेटलेल्या म्हाताऱ्याला "खंय चल्ला?" असे विचारल्यावाचून पुढे जाणाऱ्या मुलाला आपण वळण नाही असेच म्हणतो.

वडीलधाऱ्यांसाठी निराळे अभिवादन आहे. लहानाने म्हणावे "शिकामो", मोठ्याने उत्तर द्यावे "माराहाबा". 'शिकामो'चा मूळ अर्थ 'मी आपले पाय धरतो' असा सांगतात. आमच्या ख्रिस्ती घरांत सायंकाळच्या तेर्सानंतर मुले वडीलधाऱ्यांपाशी 'बेसांव' मागतात. हिंदू शेजाऱ्यांची मुले दिवेलागणीला पाया पडतात. हे ज्याने लहानपणी केले आहे, त्याला 'शिकामो' शिकवावे लागत नाही. फक्त शब्द सांगावा लागतो. गॅरेजातील पन्नाशीचा मिस्त्री हुद्द्याने खालचा असला, तरी वयाने वडील आहे. सकाळी त्याला 'शिकामो' म्हणणारा पंचविशीचा हिंदी तरुण त्या अंगणात फार दिवस परका राहणार नाही.

आणखी एक शब्द, ज्याला आपल्याकडे नेमका जोड नाही : "पोले". कोणी ठेचाळला, कोणी आजारी पडला, कोणाच्या घरी मृत्यू झाला, तरी "पोले". कोणी उन्हात ओझे वाहत असेल तर "पोले ना काझी", म्हणजे तुझ्या कष्टांबद्दल मला जाणीव आहे. चूक बोलणाऱ्याची असावी लागत नाही. दुसऱ्याचा भार आपण पाहिला, एवढेच त्यात सांगितलेले असते. हाच शब्द दोनदा उच्चारला, "पोले पोले", की अर्थ होतो 'सावकाश'.

ओळखीचे शब्द, फसवी नाती

मराठी माणसाला या भाषेत ओळखीचे चेहरे पुष्कळ भेटतात. 'दुका' म्हणजे दुकान, 'गारी' म्हणजे गाडी, 'पेसा' म्हणजे पैसा, 'गुनिया' म्हणजे गोणी, 'बीमा' म्हणजे विमा, 'लाकी' म्हणजे लाख, 'दोबी' म्हणजे धोबी, 'चपाती' आणि 'चाय' तर तशीच. अरबी-फारसीच्या वाटेने दोन्हीकडे आलेले आणखी निराळे : 'कितांबू' नव्हे, 'किताबू' म्हणजे पुस्तक, 'कलामू' लेखणी, 'वकीली' वकील, 'हेसाबू' हिशेब, 'दुनिया' जग, 'रांगी' रंग, 'तायारी' तयार, 'साबुनी' साबण, 'दावा' औषध. आगगाडीला 'गारी ला मोशी' म्हणतात, म्हणजे धुराची गाडी. आपण आग पाहिली, त्यांनी धूर पाहिला.

परंतु सावध! नात्यांचे शब्द हटकून फसवितात. 'बाबा' म्हणजे वडीलच. येथे भय नाही. 'मामा' मात्र आईचा भाऊ नव्हे, खुद्द आई. 'काका' म्हणजे थोरला भाऊ. आणि 'दादा' म्हणजे थोरली बहीण! आपल्या सुर्ल्याच्या तरुणाने एखाद्या धिप्पाड ड्रायव्हरला लाडाने "दादा" म्हणून हाक मारली, तर भोवतालचे लोक पोट धरून हसतील. आजोबांना 'बाबू', आजीला 'बीबी'. पोक्त स्त्रीला, ती भाजीवाली असो की शाळेची मुख्याध्यापिका, 'मामा' म्हणणे हे तेथे आदराचेच समजतात.

व्याकरणाची तीन बोटे

व्याकरणाच्या नावाने कोणी घाबरू नये. तीन गोष्टी समजल्या की चालण्यापुरता आधार मिळतो.

पहिली गोष्ट, लिंगाची. मराठीत तो, ती, ते सांभाळता सांभाळता परका मनुष्य रडकुंडीला येतो. स्वाहिलीत तो, ती दोहोंना एकच शब्द, 'येये'. परंतु लिंगांऐवजी त्या भाषेत नामांचे वर्ग आहेत, आणि वर्गाची खूण शब्दाच्या डोक्यावर असते. 'म्तू' म्हणजे माणूस, 'वातू' माणसे. 'म्तोतो' मूल, 'वातोतो' मुले. गोवेकराला 'म्गोआ' म्हणतात, अनेकांना 'वागोआ'. 'किती' म्हणजे खुर्ची, 'विती' खुर्च्या. आणि 'किताबू' हा अरबी शब्दही याच साच्यात बसवून त्याचे अनेकवचन 'विताबू' केले आहे. विशेषण नामाच्या मागून येते आणि तीच टोपी घालते : 'म्तोतो म्झुरी' चांगले मूल, 'वातोतो वाझुरी' चांगली मुले, 'किताबू किझुरी' चांगले पुस्तक. इंग्रजी बोलणाऱ्याला हे विचित्र वाटते. आपण 'चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगले मूल' असे नित्य म्हणतो. फरक इतकाच की आपली खूण शेपटाला असते, त्यांची डोक्याला.

दुसरी गोष्ट, क्रियापदाची. आगगाडीच्या डब्यांसारखे तुकडे जोडून एकच शब्द होतो. 'नि' म्हणजे मी, 'ना' म्हणजे वर्तमानकाळ, 'सोमा' म्हणजे वाचणे : 'निनासोमा', मी वाचतो. मधला डबा बदलला की काळ बदलतो : 'निलिसोमा' मी वाचले, 'नितासोमा' मी वाचीन. पहिला डबा बदलला की कर्ता बदलतो : 'उनासोमा' तू वाचतोस, 'तुनासोमा' आम्ही वाचतो. एवढ्या सामग्रीवर वीस क्रियापदे पाठ केली, तर दिवसाचा व्यवहार निभावतो.

तिसरी गोष्ट आपल्या घरचीच. स्थळ दाखविण्यासाठी शब्दाच्या शेवटी 'नी' लावतात. 'न्युम्बा' घर, 'न्युम्बानी' घरी, 'सोको' बाजार, 'सोकोनी' बाजारात, 'कनीसा' चर्च, 'कनीसानी' चर्चमध्ये, 'दुका', 'दुकानी'. आपणही घरी, दारी, दुकानी असे म्हणतोच. नाते काही नाही, केवळ योगायोग. परंतु शिकणाऱ्याला योगायोगही उपयोगी पडतात.

उच्चार सोपे आहेत. जसे लिहितात तसे वाचतात, आणि बहुतेक शब्दांत शेवटून दुसऱ्या अक्षरावर जोर देतात. 'ङ' हे अक्षर आपण बाराखडीत घोकतो आणि पुढे जन्मभर त्याचे तोंड पाहत नाही. स्वाहिलीत ते शब्दाच्या आरंभी येते. गाईला 'ङोंबे' म्हणतात.

घड्याळ आणि वार

कामावर जाणाऱ्याने एक गोष्ट पहिल्याच दिवशी शिकावी, नाही तर नोकरीचा पहिला दिवस हाच शेवटचा ठरेल. स्वाहिली घड्याळ मध्यरात्रीपासून मोजीत नाही, सूर्योदयापासून मोजते. विषुववृत्ताजवळ सूर्य बारमाही सहाच्या सुमारास उगवतो. म्हणून आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा 'सा मोजा', पहिला तास. आपले नऊ म्हणजे 'सा तातू', तिसरा. दुपारचे बारा म्हणजे 'सा सीता', सहावा. सायंकाळचे पाच म्हणजे 'सा कुमी ना मोजा', अकरावा. "उद्या सा तातूला ये" असे ऐकून जो दुपारी तीनला जाईल, त्याला सहा तासांचा उशीर झालेला असेल. युक्ती अशी की घड्याळाच्या तबकडीवर काटा जेथे असेल त्याच्या समोरचा आकडा वाचावा.

शुभवर्तमान वाचणाऱ्याला ही गणना नवी वाटू नये. द्राक्षमळ्याच्या धन्याने तिसऱ्या, सहाव्या, नवव्या आणि अकराव्या तासाला मजूर लावले, हा दृष्टान्त आपण ऐकतो तेव्हा धर्मगुरूला तास समजावून सांगावे लागतात. मोम्बासाच्या शेतकऱ्याला ते सांगावे लागत नाहीत. अकराव्या तासाला दिवस किती उरतो हे त्याच्या रोजच्या बोलण्यातच आहे.

वारांचेही असेच. मुसलमानी शुक्रवार धरून पुढचे मोजतात : शनिवार 'जुमामोसी' पहिला, रविवार 'जुमापीली' दुसरा, सोमवार 'जुमातातू' तिसरा. आमच्या वृद्धांच्या पोर्तुगीज मोजणीत सोमवार हा 'सेगुंद', म्हणजे दुसरा. तेव्हा ज्याच्या डोक्यात आजोबांची मोजणी असेल, त्याने मिस्साचा वार चुकवू नये : मिस्सा 'जुमापीली'ला.

बाजार, रस्ता, दवाखाना

एक ते दहा : मोजा, म्बीली, तातू, न्ने, तानो, सीता, साबा, नाने, तीसा, कुमी. शंभर 'मीया', हजार 'एल्फू', लाख 'लाकी'. भाव विचारताना "बेई गानी?" किंवा "शिलिंगी ङ्गापी?", महाग वाटले तर "घाली साना", आणि हसत हसत "पुंगुझा किदोगो", थोडे कमी करा.

रस्त्यात : "सामाहानी", माफ करा, "निमेपोतेया", मी वाट चुकलो, 'कुलिया' उजवीकडे, 'कुशोतो' डावीकडे, 'मोजा क्वा मोजा' सरळ. समजले नाही तर मान डोलावू नये, स्पष्ट म्हणावे : "सिएलेवी. सेमा पोलेपोले, तफधाली." समजत नाही, कृपा करून सावकाश बोला. आणि त्याला जोडून : "निनाजिफुंझा किस्वाहिली", मी स्वाहिली शिकत आहे. हे एक वाक्य शंभर वाक्यांचे काम करते.

दवाखान्यात : "निनाउम्वा", मी आजारी आहे. "किच्वा किनानिउमा", माझे डोके दुखते. "तुम्बो लिनानिउमा", पोट दुखते. 'होमा' म्हणजे ताप. हिवतापाच्या मुलखात हा शेवटचा शब्द निघण्यापूर्वीच पाठ असावा. 'उमा' या क्रियापदाचा मूळ अर्थ चावणे असाही आहे. डोके मला चावते, असे जणू रोगी सांगतो.

हुकमाची भाषा आणि विनंतीची भाषा

येथवर आम्ही शब्द सांगितले. आता ज्यासाठी हा लेख लिहावयास घेतला ती गोष्ट सांगतो.

पूर्वी जे गोरे जमीनदार, हिंदी व्यापारी आणि गोवेकर कारकून तेथे राहिले, त्यांतील पुष्कळांना स्वाहिली येत होती, असे मोठ्या अभिमानाने सांगण्यात येते. येत होती, परंतु कोणती? गोऱ्या वसाहतवाल्यांच्या मोडक्यातोडक्या बोलीला 'किसेट्ला' असे नावच पडले होते. त्या काळच्या संभाषण-पुस्तिकांत वाक्यांमागून वाक्ये आज्ञार्थी असत. 'लेते' आण, 'ओंदोआ' उचल, 'फान्या' कर, 'हराका' लवकर! घरकाम करणाऱ्या पन्नाशीच्या माणसालाही 'बोई', म्हणजे पोऱ्या, अशी हाक असे. अशा बोलीत 'शिकामो'ला जागा नव्हती, 'पोले'ला जागा नव्हती, 'हबारी झा वातोतो'ला जागा नव्हती. तीस तीस वर्षे एका घरात काम केलेल्या माणसाला मुले किती, हे धन्याला ठाऊक नसे. कारण ते विचारण्याचे वाक्य त्याने कधी पाठच केले नव्हते.

पुढे काळ बदलला. जानेवारी १९६४ मध्ये झांझिबारात क्रांती झाली. ऑगस्ट १९७२ मध्ये युगांडाच्या इदी अमीनने आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडण्याचे फर्मान काढले. त्यात गोवेकर कुटुंबेही निघाली. या घटनांची कारणे राजकीय होती, आर्थिक होती, आणि अमीनचा जुलूम हा जुलूमच होता. सारे खापर भाषेवर फोडणे अन्यायाचे होईल. परंतु दोन समाज पाऊणशे वर्षे एका बाजारात वावरले आणि त्यांच्यामधले बोलणे पुष्कळदा काउंटरच्या उंचीवरच राहिले, ही खंत त्या पिढीतील विचारी माणसांनी स्वतःच बोलून दाखविली आहे.

याच्या उलट वागलेलेही आपलेच होते. नैरोबीत जन्मलेले गोवेकर पियो गामा पिंटो यांनी केनियाच्या स्वातंत्र्यासाठी कारावास सोसला, आणि 'साउती या म्वाफ्रिका', म्हणजे आफ्रिकी माणसाचा आवाज, हे स्वाहिली पत्र काढणाऱ्या छापखान्याच्या उभारणीत भाग घेतला. २४ फेब्रुवारी १९६५ रोजी त्यांचा खून झाला. गोवेकर पिता आणि मसाई माता यांचे पुत्र जोसेफ मुरुम्बी १९६६ साली केनियाचे उपराष्ट्रपती झाले. तेथील लोकांनी या दोघांना आपले मानले.

भाषेचा मान कसा राखावा, हे टांझानियाचे ज्यूलियस न्येरेरे यांच्याकडून शिकावे. ते कॅथलिक होते, व्यवसायाने शिक्षक. लोक त्यांना शेवटपर्यंत 'म्वालिमू', गुरुजी, असेच म्हणत. त्यांचा टांगानिका देश ९ डिसेंबर १९६१ रोजी स्वतंत्र झाला, आमचा गोवा मुक्त होण्याच्या अवघे दहा दिवस आधी. त्यांची मातृभाषा स्वाहिली नव्हती. तरी त्यांनी शेक्सपियरची 'ज्यूलियस सीझर' आणि 'मर्चंट ऑफ व्हेनिस' ही नाटके स्वाहिलीत उतरविली. आपल्या लोकांची भाषा मोठ्या गोष्टी पेलू शकते, हे राज्याचा कारभार सांभाळता सांभाळता त्यांनी दाखवून दिले. गोव्यातही असा आदर्श आहे. इंग्लंडहून १५७९ साली आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी येथील भाषा इतकी आत्मसात केली की १६१६ साली त्यांचे 'ख्रिस्तपुराण' मराठीत प्रसिद्ध झाले. परक्याने आपली भाषा आदराने शिकली, म्हणून चारशे वर्षांनी आपण त्याचे नाव घेतो.

यासाठी आमचे सांगणे असे : आज्ञार्थी रूपे शेवटी शिका. ती शिकणे सोपे असते आणि विसरणे कठीण. पाणी हवे असेल तर 'लेते माजी', पाणी आण, असे न म्हणता "नाओम्बा माजी" म्हणा. 'ओम्बा' म्हणजे विनंती करणे. आणि प्रार्थना करणे यालाही तोच शब्द आहे. मिस्साच्या वेळी धर्मगुरू "तुओम्बे" म्हणतो, आपण प्रार्थना करू या. रविवारी वेदीपुढे जे क्रियापद ऐकावयाचे, तेच सोमवारी शेजाऱ्याकडे पाणी मागताना वापरावयाचे.

निघण्यापूर्वी

आता व्यवहाराचे. निघण्याला दोन महिने असतील तर रोज पाच शब्द आणि एक वाक्य, मोठ्याने, घरच्यांसमक्ष पाठ करावे. आरंभी देवनागरीत लिहून घ्यावे, म्हणजे उच्चार बिघडत नाही. मग रोमी लेखन ओळखावे. हल्ली भ्रमणध्वनीवर तेथील बातम्या आणि मिस्साची उपासना ऐकता येते. अर्थ न समजला तरी कान तयार होतो. आसपास आफ्रिकेहून परतलेले कोणी वृद्ध असतील, तर त्यांच्याकडे एक संध्याकाळ जाऊन बसावे. त्यांना जुने शब्द आठवताना आनंदच होईल. तेथे पोहोचल्यावर मुलांशी बोलावे. मुले चूक लगेच सुधारतात आणि मनात ठेवीत नाहीत.

घरच्या मंडळींनीही दोन-चार शब्द शिकावे. मुलाच्या कामावरचा सोबती दूरध्वनीच्या पडद्यावर दिसला आणि सुर्ल्याच्या आईने त्याला "हबारी झा न्युम्बानी?" असे विचारले, तर तिकडे आपल्या मुलाची काळजी घेणारे एक घर वाढेल.

थेंबे थेंबे तळे साचे असे आपण म्हणतो. स्वाहिलीत 'हाबा ना हाबा हुजाझा किबाबा' म्हणतात, चिमूट चिमूट टाकूनही माप भरते. त्यांची आणखी एक म्हण आहे : 'म्गेनी सीकू म्बीली, सीकू या तातू म्पे जेम्बे.' पाहुणा दोन दिवस. तिसऱ्या दिवशी त्याच्या हाती कुदळ द्या. आपल्या म्हणीत तिसऱ्या दिवशीही राहणाऱ्या पाहुण्याची अक्कल काढली आहे. त्यांनी त्याला शेतात नेले आहे. आपले तरुण तेथे कष्ट करावयासच चालले आहेत, तेव्हा कुदळीचे भय त्यांना नाही. ती हाती घेताना समोरच्याला त्याच्या भाषेत दोन शब्द आदराचे बोलता आले, म्हणजे तिसऱ्या दिवसानंतर ते पाहुणे राहणार नाहीत.